टर्मिनलवर मॅन्डेलब्रॉ संच काढताना आकृती उभी ताणली जाते, उपाय काय?

साखरपेठकर (सोलापूर):
माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली आहे, परंतु खिडक्या-चिन्हांचा पडदा मुद्दामच घेतलेला नाही; समोर असते ते फक्त ८० रकाने आणि २४ ओळींचे काळे टर्मिनल. त्यावर मॅन्डेलब्रॉ संच काढण्यासाठी बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या आज्ञांच्या भाषेत, एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. पद्धत नेहमीचीच: प्रत्येक जागा म्हणजे एक संमिश्र संख्या क, शून्यापासून निघून दर फेरीला आधीच्या उत्तराचा वर्ग करायचा व त्यात क मिळवायचा, आणि ५० फेऱ्यांत उत्तराचे केवलमूल्य २ च्या पुढे गेले नाही, तर तेथे तारा छापायचा. आडवे अंतर उणे २ ते ०.५ आणि उभे उणे १.२ ते १.२ घेतले असून टप्पा दोन्हीकडे ०.०५ आहे. तरीही आकृती उभी ताणलेली दिसते आणि तिचा वरचा भाग पडद्याबाहेर सरकून जातो. शिवाय बॅशला अपूर्णांक समजत नसल्याने दर फेरीला बीसी हा आकडेमोडीचा वेगळा प्रोग्रॅम बोलवावा लागतो, आणि जेवण उरकून आलो तरी चित्र अर्धेच असते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दुसरी पाळी:
सोलापुरात राहून हा प्रश्न पडावा, याची गंमत वाटली. जॅकार्डच्या चादरीची नक्षी ज्या ग्राफवर काढतात, त्यावरची घरे पुष्कळदा चौरस नसतात. इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, त्या प्रमाणात ती आखलेली असतात, नाहीतर कागदावरचे गोल फूल कापडावर लांबट उतरते. टर्मिनलवर अक्षराचे घर रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असते. म्हणून आडवा टप्पा ०.०५ ठेवला, तर उभा ०.१ घ्यावा.

ओळी मात्र २४ घेऊ नका, २३ घ्या. उभा मोजक उणे ११ पासून ११ पर्यंत चालवून त्याला १० ने भागा, म्हणजे मधली ओळ बरोबर शून्यावर पडेल. सम संख्येने ओळी घेऊन त्या शून्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या, तर शून्यावर एकही ओळ येत नाही आणि आकृतीतून डावीकडे निघणारी सुईसारखी लांब रेघ नाहीशी होते. मी स्वतः दोन संध्याकाळी ती चूक गणितात शोधत बसलो होतो. पडताळ्यासाठी संचाच्या हृदयाच्या आकाराच्या मोठ्या भागाला डावीकडे लागून असलेले वर्तुळ पाहावे. त्याचा मध्य उणे १ वर आणि त्रिज्या नेमकी पाव आहे, त्यामुळे ते साधारण १० रकाने रुंद आणि ५ ओळी उंच यायला हवे.

कडक भाकरी:
वेगाचे कारण बीसीच आहे. तुमच्या मूळ मांडणीत ५१ रकाने आणि ४९ ओळी, म्हणजे सुमारे अडीच हजार जागा होतात. त्यांना ५० फेऱ्यांनी गुणल्यास वाईटात वाईट सव्वा लाख वेळा नवा प्रोग्रॅम सुरू होऊन बंद होतो. हीच आकडेमोड ऑक या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत करा; तेथे अपूर्णांक अंगभूत आहेत आणि सगळे काम एकाच प्रोग्रॅममध्ये होते. बॅशच हवे असेल, तर सर्व संख्या १००० पटीने पूर्णांकात ठेवून प्रत्येक गुणाकारानंतर १००० ने भागावे.

ताऱ्यांचे चित्र म्हणजे दुधाची तहान ताकावर, असे मात्र समजू नका. रॉबर्ट ब्रूक्स आणि पीटर मॅटेल्स्की या गणितज्ञांनी १९७८ मध्ये काढलेले या संचाचे पहिले चित्र ताऱ्यांनीच छापलेले होते. ज्यांचे नाव संचाला आहे त्या मॅन्डेलब्रॉ यांना तो संगणकावर दिसला १९८० मध्ये.

सवड असल्यास सिएरपिन्स्कीचा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणात त्रिकोण अशी नक्षी, तीही करून पाहा. १६ ओळी आणि १६ घरे घ्या. ओळीचा आणि घराचा क्रमांक, दोन्ही शून्यापासून मोजून, द्विमान पद्धतीत लिहा, आणि ज्या स्थानी दोघांतही १ आहे असे एकही स्थान नसेल तरच तारा छापा. तारे मोजले तर ८१ भरले पाहिजेत, म्हणजे ३ चा चौथा घात. हलायुधाने दहाव्या शतकात पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेत समजावलेल्या मेरुप्रस्तारात, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणात, विषम संख्यांच्या जागी तारे ठेवले, तरी हीच नक्षी मिळते. डेबियनवर मुळात येणाऱ्या ऑकमध्ये द्विमान तुलनेची सोय नाही. ते काम बॅशमध्ये करावे.

साखरपेठकर:
दोघांचेही आभार. ऑकमध्ये लिहिल्यावर चित्र एंटर दाबताच येते. मधल्या ओळीत उणे २ पासून ०.२५ पर्यंत सलग ४६ तारे आहेत, म्हणजे ती सुईसारखी रेघ जागेवर आहे. त्रिकोणाचे तारेही ८१ भरले. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेल्या काकांनी तो पाहून एकच विचारले, "याचा रिपीट कुठे आहे?"

दुसरी पाळी:
काकांना सांगा, रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, बसवता येतो. तुलना करण्याआधी दोन्ही क्रमांकांना ८ ने भागून फक्त बाकी घ्या, आणि प्रत्येक घर दोन रकान्यांचे, म्हणजे तारा व एक मोकळी जागा असे छापा. एक रिपीट १६ रकाने आणि ८ ओळींचा होईल. आडवे पाच आणि उभे तीन मिळून सबंध पडदा भरतो, एक घरही उरत नाही. चोविसाव्या ओळीनंतर मात्र नवी ओळ छापू नका आणि कळ दाबेपर्यंत स्क्रिप्ट थांबवून ठेवा, नाहीतर प्रॉम्प्ट येताना वरची एक ओळ जाईल.