ल्युअरचा रंग: आभाळ पाहून निवडावा की पाणी पाहून?

डोहकाठी:
ऊन असेल तर चंदेरी ल्युअर (मासा भुलवायचं नकली आमिष), ढगाळ असेल तर गडद, असं सगळे सांगतात. माझं ठाम मत आहे की आभाळाच्या आधी पाणी बघावं आणि ल्युअर किती खोल जाणार ते बघावं. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेतं. नितळ पाण्यात पाच-सहा मीटर खाली लाल ल्युअर काळपट दिसायला लागतो, निळा मात्र बराच खोल टिकतो. पालापाचोळा कुजून चहासारख्या झालेल्या पाण्यात हे उलटं होतं. तिथे निळा प्रकाश आधी संपतो आणि पिवळा-तांबडा उरतो. अशा पाण्यात निळा-चंदेरी ल्युअर टाकण्यात मला अर्थ वाटत नाही, तांबूस किंवा सोनेरीच हवा. फ्लुरोसंट पोपटी या हिशेबात बसत नाही. तो निळा प्रकाश घेऊन पोपटी उजेड बाहेर टाकतो, म्हणून साधा पिवळा मंदावतो तिथेही तो उठून दिसतो.

गळ_आणि_दोरी:
साफ असहमत. आधी खोली, मग वेग, मग आकार, रंग त्यानंतर. गढूळ पाण्यात माशाला हातभर अंतरावरचंही धड दिसत नाही. तिथे तो अंगावरच्या पार्श्वरेखेने पाण्याची थरथर ओळखतो. मग फिरतं पातं किंवा खुळखुळणारा ल्युअर का नको? शिवाय रंग बदलताना माणूस जागाही बदलतो, तोवर उजेडही बदललेला असतो. मासा लागला की श्रेय मात्र रंगाला.

बासप्रेमी:
मासा कोणता हे कोणीच बोललं नाही! लार्जमाउथ बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्यासाठी, एक लालसाठी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बासने लाल आणि हिरवा चांगला ओळखला, पण पोपटी-पिवळा व पांढरा, तसंच काळा व निळा यांत त्याची गल्लत झाली. म्हणजे बाससाठी काळा की निळा यावर डोकं शिणवू नका. पण हे ट्राउटला लावू नका. त्याचे डोळे वेगळे, लहान ट्राउटला तर अतिनील प्रकाशही दिसतो.

डोहकाठी:
@गळ_आणि_दोरी, थरथरीने मासा जवळ येतो हे मान्य. पण जवळ आल्यावर, पाणी अगदीच चिखल नसेल तर, शेवटची झडप तो बहुतेक वेळा बघूनच घालतो. एक सवलत देतो. पृष्ठावरच्या ल्युअरला खालून बघणाऱ्या माशाला मागे उजळ आभाळ असतं, त्यामुळे पोटाचा रंग जवळजवळ वाया जातो आणि आकृती तेवढी दिसते. म्हणूनच संध्याकाळी, रात्री काळा चालतो.

गळ_आणि_दोरी:
म्हणजे तिथे रंग नाही, गडदपणा काम करतो. माझा मुद्दा हाच. भडक की फिका, गडद की उजळ, एवढं ठरलं की पेटीतल्या बाकीच्या छटा माशासाठी नाहीत.

बासप्रेमी:
मग एकाच बनावटीचे, एकाच वजनाचे दोन ल्युअर घ्या, फक्त रंग वेगळे. दोन रॉडवर एकाच वेळी, एकाच खोलीवर चालवा.

गळ_आणि_दोरी:
चालेल. पण ठरावीक वेळाने दोन्ही ल्युअरची रॉडवर अदलाबदल करायची, नाहीतर चांगल्या बाजूचं यश रंगाच्या नावावर जाईल.