जळजनांना कानाच्या पाळ्या कशाला?

तुमच्या कथेतले जळजन, म्हणजे पाण्यात राहणारी माणसं, गोव्यातल्या चोडण बेटाच्या खारफुटीत राहतात, रात्री मानशीच्या (बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फळ्यांच्या झडपेच्या) दाराशी मासे धरतात, हे फार आवडलं. पण त्यांना लांब टोकदार कान दिलेत, ते पटलं नाही. पाण्याखाली कानाच्या पाळीचा काडीचा उपयोग नाही. मांसाची घनता जवळपास पाण्याइतकीच, त्यामुळे आवाज पाळीतून आरपार जातो. त्यापेक्षा ऐकणारा जबडा द्या. डॉल्फिनच्या खालच्या जबड्यातली चरबी आवाज थेट आतल्या कानापर्यंत नेते. सापही जमिनीची कंपनं जबड्यानेच टिपतो.

दिशा ओळखणं मात्र अवघड. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो, पाण्यात १५००. त्यामुळे दोन कानांपर्यंत पोहोचण्यातला वेळेचा फरक पार आक्रसतो. डॉल्फिनचे कान हवेच्या पोकळ्यांमुळे कवटीपासून सुटे राहतात, म्हणून कवटीतून आवाज दोन्ही कानांत एकदम शिरत नाही आणि दिशा कळते. तेही जळजनांना द्याच.

आणि खरी कथा इथेच आहे! हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच हिस्सा पाण्यात शिरतो. बांधावरून कुणी कितीही हाका मारल्या, तरी बुडी मारलेल्या जळजनाला त्या ऐकू जाणं कठीण. पण मानशीची फळी ओढताना करकरली, वल्हं होडीच्या काठावर आपटलं, की त्याला लगेच कळणार. मग गावात त्यांना बोलावायची रीतच वेगळी असेल: तळात रोवलेला खांब आणि त्यावर दांडक्याचे ठोके. पाण्याबाहेर डोकं काढल्यावर त्यांना माणसाचं बोलणं कितपत कळतं, हे पुढचा भाग लिहिण्याआधी नक्की ठरवा.