कॅन्सरच्या पेशंटला काढे-चूर्ण द्यायचं की नाही? घरात वाद पेटलाय

उत्तर_कसबा
नात्यातल्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर निघालाय. बार्शीला केमो सुरू आहे. निदान कळून आठवडा झाला नाही तोच घरात गुळवेलाच्या काड्या आल्या, गव्हांकुराच्या कुंड्या आल्या, कुणी लक्ष्मणफळाचा रस पाठवला. वर फॅमिली ग्रुपवर तो मेसेज फिरतोयच: सिद्धूंच्या पत्नीचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर कच्ची हळद, कडुनिंब आणि लिंबूपाण्यानं बरा झाला म्हणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धू तसं बोलले होते. त्यावर टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढलं की याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. मग सिद्धूंनीच शस्त्रक्रिया, केमो सगळं झालं होतं असा खुलासा केला. हा शेवटचा भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझं मत सांगतो. पाल्यानं गाठ विरघळते असं मानणाऱ्याशी मी वाद घालत नाही. माझं भांडण डॉक्टरांशी आहे. 'बाहेरचं काही घ्यायचं नाही' असं तोडून सांगितलं की लोक घ्यायचे थांबत नाहीत, सांगायचे थांबतात. काकू ओपीडीत 'काही घेत नाही' म्हणतात आणि घरी सकाळ-संध्याकाळ दोन ग्लास चालू. शुगर-बीपीच्या गोळ्या केसपेपरवर लिहितात तसं हेही विचारून लिहावं. मळमळीला आल्याचा तुकडा, झेपतील तेवढी आसनं, पाय चोळणं याला आडकाठी कशाला? बाकीचं तपासून ठरवा. पटतंय का?

फार्मसीवाला_होटगीरोड
लिहून घ्या हे पटलं. पण तुमच्या काकूंच्या यादीतलं एकेक बघा. गव्हांकुराचा रस कच्चा असतो. केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली येतात, त्या दिवसांत मातीतलं पान वाटून प्यायचं म्हणजे इन्फेक्शनला बोलावणं. हळद भाजीत हवी तेवढी घाला, पण कर्क्युमिनच्या कॅप्सूल वेगळ्या. त्या रक्त पातळ करू शकतात, आणि प्लेटलेट कमी असताना किंवा ऑपरेशनच्या तोंडावर ते नको. लक्ष्मणफळात ॲनोनासिन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूच्या पेशींना घातक ठरतं. कॅरिबियन बेटांवर ते फळ भरपूर खाणाऱ्यांत पार्किन्सनसारखा आजार दिसला, म्हणून त्याच्याकडे संशयानं बघतात. ग्रीन टीसारखी साधी गोष्ट घ्या, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर जे बोर्टेझोमिब देतात त्याचा परिणाम ती मारू शकते. तेव्हा 'बाकीचं तपासून' हे दोन शब्द वाटतात तेवढे सोपे नाहीत.

दत्तचौक_कट्टा
ओ फार्मसी, तुमच्या दुकानातली निम्मी औषधं झाडातूनच आलेली की! सदाफुलीतून व्हिनक्रिस्टीन काढलं, पोरांच्या ब्लड कॅन्सरला आजही तेच देतात. आपल्या सह्याद्रीतली नरक्या तर परदेशात जावी म्हणून चोरून तोडतात, कॅन्सरच्या औषधासाठीच. मग आमच्या आजोबानं पाला दिला की अंधश्रद्धा, आणि कंपनीनं बाटलीत भरला की सायन्स, हे कसं काय बे?

फार्मसीवाला_होटगीरोड
@दत्तचौक, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष उलटा काढलात. नरक्यातून कॅम्प्टोथेसिन मिळतं, पण ते जसंच्या तसं दिलं तेव्हा माणसांना सोसलं नाही. त्यात बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन झाली, ती चालतात. सदाफुलीची शेकडो किलो पानं आटवली तर हाताशी ग्रॅमभर व्हिनक्रिस्टीन लागतं. ते शिरेतूनच द्यावं लागतं, चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर माणूस जातो. शुगरसाठी रोज चार पानं चावणारे आपल्याकडे आहेत, त्यांच्या पोटात त्यातलं किती जातं कुणी मोजलंय का? झाडात औषध असतं याबद्दल वाद नाहीच. पानात डोस लिहिलेला नसतो.

सात_रस्ता
मी धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. एक खिडकी उघडी ठेवली की त्यातून सगळे आत येतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून एक अभ्यास आला. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही फक्त पर्यायी उपचार निवडलेले २८१ जण, आणि त्यांच्या तुलनेला रीतसर उपचार घेतलेले. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाचपटीच्या वर. त्याच संशोधकांनी नंतर 'दोन्ही घेतो' म्हणणारे बघितले. तिथेही धोका दुप्पट, कारण त्या लोकांनी ऑपरेशन, केमो, रेडिएशनमधलं काहीतरी नाकारलं होतं. 'सोबत घेतो' म्हणणारा हळूहळू 'हेच घेतो'वर जातो.

दत्तचौक_कट्टा
अमेरिकेचे आकडे सोलापूरला कशाला?

सात_रस्ता
बरं, बार्शीचे घ्या. १९८७ पासून तिथे कॅन्सरची नोंदणी चालते, भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलनं १९९९ पासून सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ ला छापून आलंय, जगभर त्याचा दाखला देतात. काढ्याचा असा एक अभ्यास दाखवा, मी उद्यापासून पितो.

पूर्वभाग_लेक
तुम्ही सगळे शिकलेले बोलताय. आमची आई जन्मभर विड्या वळायची, मिसरी लावायची, तिला तोंडाचा झाला. ऑपरेशन फुले योजनेत फुकट झालं, खोटं कशाला बोलू. पण हजार विड्यांवर मजुरी मिळते, बसली नाही तर काही नाही. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, गाडीभाडं, बाहेरचं खाणं. डॉक्टर दोन मिनिटं बोलायचे, ते पण आमच्याकडं न बघता. अक्कलकोट रोडला एक झाडपाल्यावाला होता, तो आईचा हात धरून अर्धा-अर्धा तास तेलुगूत बोलायचा. आई त्याच्याकडं का जात होती ते मला कळत होतं. औषधासाठी नव्हतीच जात. आणि केसपेपरवर लिहा म्हणताय, तिथं पेशंटचं नाव धड लिहीत नाहीत.

उत्तर_कसबा
@पूर्वभाग_लेक, याला माझ्याकडे उत्तर नाही. पण रांग मोठी आहे म्हणून विचारूच नये असं तर तुम्ही म्हणत नाही ना? समुपदेशक किंवा सिस्टर विचारू शकते. तेलुगू, कन्नड बोलणारी असली तर आणखी चांगलं.

पूर्वभाग_लेक
असली तर.

वैद्य_बीएएमएस
इतका वेळ वाचत होतो. आधी माझ्याच बाजूचं बोलतो, कारण 'आयुर्वेद' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच आयुर्वेद नाहीच. सुश्रुतसंहितेत अर्बुदाचं, म्हणजे वाढणाऱ्या गाठीचं, वर्णन आहे, आणि तिथेही सांगितलंय की छेदताना शेष राहिलं तर ते लवकर पुन्हा वाढतं. म्हणजे शल्यकर्माला आमच्या ग्रंथाचा विरोध नाही. बिनलेबलाच्या पुड्यांबद्दल तर बोलूच नका. २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. केमोनं आधीच यकृत-मूत्रपिंडावर ताण असतो, त्यात हे.

पण गुळवेलाला सरसकट बदनाम करू नका. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. मला तो आक्षेप रास्त वाटतो.

सात_रस्ता
वैद्यराज, तोच आक्षेप तुमच्यावर उलटतो. तज्ज्ञांनाही ओळख पटत नसेल तर मार्केट यार्डाच्या मागून वेल तोडून आणणाऱ्या भाच्याला काय पटणार?

वैद्य_बीएएमएस
म्हणून तर मी केमो चालू असताना पोटात घ्यायचं काहीच देत नाही. अश्वगंधासुद्धा नाही. तोंड आलं तर गुळण्या, पथ्याचं जेवण, झोप, तेवढंच बघतो, तेही त्यांच्या डॉक्टरांना कळवून. उपचार संपल्यावर या म्हणतो. बरेच जण चिडून दुसरीकडे जातात आणि तिथे त्यांना हवं ते मिळतं.

शेंगा_चटणी
आमच्या मावशीचा काढ्यानंच गेला. सात वर्षं ठणठणीत आहे. अनुभवापुढे आकडे काय करायचे?

फार्मसीवाला_होटगीरोड
आनंद आहे. ऑपरेशन झालं होतं का?

शेंगा_चटणी
झालं होतं, पण डॉक्टर म्हणाले होते की परत येऊ शकतो. काढ्यामुळं आला नाही.

सात_रस्ता
🙏

उत्तर_कसबा
तो नमस्कार मला नाही आवडला. मावशी बऱ्या आहेत, काढा त्यांनी प्यायला, आपण हसायचं कारण नाही. मात्र त्यांचं बघून कुणी ऑपरेशन टाळू नये एवढं @शेंगा_चटणी तुम्हीच लोकांना सांगितलंत तर जास्त ऐकतील. आमचं कोण ऐकतंय.

दुसरं विचारायचं होतं. एसटी स्टँडच्या बाजूला एका लॉजचा बोर्ड बघितला, 'कॅन्सर मुळापासून बरा, महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतील'. हे चालतं का?

फार्मसीवाला_होटगीरोड
नाही. १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आहे. बरा करतो अशी जाहिरात करणं गुन्हा, औषध कुठलंही असो. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. बोर्डाचा फोटो आणि मोबाईल नंबर जोडा.

दत्तचौक_कट्टा
आणि पुढच्या महिन्यात तोच माणूस दुसऱ्या लॉजवर.

वैद्य_बीएएमएस
असेल. अर्ज लिहून द्या, माझी सही घ्या. आमच्याच नावावर धंदा करतोय तो.