लहान मुलं घेऊन विषारी प्राण्यांच्या देशात राहायला जावं का?

तळ्यात_मळ्यात:
नवऱ्याला टाउन्सव्हिलमध्ये नोकरी मिळतेय. ऑस्ट्रेलियाचा ईशान्य किनारा, क्वीन्सलँड राज्य. पगार, शाळा, घर, सगळं जुळतंय. पण समुद्रात बॉक्स जेलीफिश, खाडीत मगरी, अंगणात ब्राउन स्नेक. मुलं सहा आणि तीन वर्षांची. नवऱ्याचं म्हणणं, "तिथे लोक राहतातच ना?" राहतात, पण आम्ही का राहावं? माझ्या मते हा उगाच ओढवून घेतलेला धोका आहे. चुकत असेन तर खोडून काढा.

शंकासूर:
खोडतो. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० ते २०१३ या काळातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. सर्पदंशाने २७ मृत्यू. मधमाश्या आणि गांधीलमाश्यांनीही २७. घोड्यांमुळे ७४. कोळ्यांमुळे एकही नाही! सिडनीच्या ज्या फनेल-वेब कोळ्याला सगळे घाबरतात, त्याच्यावर १९८१ पासून प्रतिविष आहे आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने कोणी दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. घोडा दिसला म्हणून कोणी नोकरी नाकारत नाही.

दूरदेशी:
तीव्र असहमत. हा घोड्यांचा आकडा प्रत्येक चर्चेत येतो आणि प्रत्येक वेळी फसवतो. घोड्यावर माणूस आपण होऊन बसतो. साप लाकडाच्या ढिगाखाली असतो, विचारून येत नाही.

दुसरं, हे अख्ख्या देशाचे आकडे आहेत. त्यात मेलबर्न आलं, सिडनी आलं, जिथे खाऱ्या पाण्यातली मगर नाहीच. ती उत्तरेत आहे. क्वीन्सलँडने १९७४ मध्ये तिची शिकार बंद केली, त्यानंतर तिची संख्या चांगलीच सावरली. टाउन्सव्हिल त्याच पट्ट्यात येतं, रॉस नदीत मगरी दिसतात.

आणि मृत्यू कमी का आहेत? धोका कमी आहे म्हणून नाही. तिथली माणसं नदीकाठी मासे साफ करत बसत नाहीत, पाण्याच्या अगदी कडेला तंबू ठोकत नाहीत, नोव्हेंबर ते मे या जेलीफिशच्या हंगामात समुद्रात जाळीबाहेर पोहत नाहीत. कमी आकडा ही त्या सवयींची कमाई आहे. नवा माणूस विमानातून उतरतो तेव्हा त्याच्याकडे आकडा असतो, सवयी नसतात.

गुळवेल:
मॅगपाय पक्षी राहिला की. वसंतात घरट्याजवळून सायकल न्या, डोक्यावर झडप घालतो. तिथले सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकचे काटे लावून फिरतात. मगरीपेक्षा याचीच गाठ जास्त पडेल.

शंकासूर:
दूरदेशी, मग तुमचा मुद्दा "जाऊ नका" असा नाही, "शिकून जा" असा आहे. सहा वर्षांचं मूल रस्ता ओलांडायला शिकतं तसं हेही शिकेल.

दूरदेशी:
सहाचं शिकेल. तीनचं?

बँडेजवाली:
मी उत्तर क्वीन्सलँडमध्ये रुग्णालयात काम करते, म्हणून दोघांच्या मधे पडते.

साप चावला तर: माणसाला चालू द्यायचं नाही. चावा धुवायचा नाही, कापायचा नाही, चोखायचा नाही. लवचीक रुंद बँडेज चावलेल्या पूर्ण हातावर किंवा पायावर घट्ट गुंडाळायचं, फळी बांधून अवयव स्थिर ठेवायचा, ००० या आपत्कालीन नंबरला फोन. न धुण्याचं कारण म्हणजे त्वचेवर उरलेल्या विषावरून साप कुठल्या गटातला ते तपासता येतं. हे बँडेज गाडीतही ठेवा. बॉक्स जेलीफिशला व्हिनेगर, किनाऱ्यावर त्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. टाउन्सव्हिलच्या स्ट्रँड या किनाऱ्यावर हंगामात जाळी लावतात, शिवाय समुद्राच्या पाण्याचा वेगळा बांधीव तलाव आहे. तीन वर्षांच्या मुलाला मी तिथेच नेईन.

पण तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला सापाआधी घरच्या पोहण्याच्या तलावाची काळजी वाटते. कुंपण कायद्याने सक्तीचं आहे, तरी फाटकाला खुर्ची अडकवून ते उघडं ठेवणारे असतातच. दुसरं ऊन: त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण या देशात जगात सर्वाधिक आहे. तिसरं, पहाटे आणि तिन्हीसांजेला महामार्गावर येणारे कांगारू. यांची चित्रं कोणी थरारक म्हणून पाठवत नाही.

आणि साप दिसला तर मारू नका. तो संरक्षित आहे, आणि मारायला गेल्यावरच बरेच जण चावून घेतात. साप पकडणाऱ्या परवानाधारकाला बोलवा.

तळ्यात_मळ्यात:
तलावाचं डोक्यातच नव्हतं. जे घर बघितलंय त्याला तलाव आहे, आणि आम्ही दोघं त्यावर खूश होतो!
तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मगरीच्या पट्ट्यात रोज सावध राहायचं ही जबाबदारी शेवटी माझ्यावर येणार, नवरा दिवसभर कामावर. कंपनीचं ब्रिस्बेनलाही ऑफिस आहे, तिथलं विचारायला सांगते.

दूरदेशी:
ब्रिस्बेनला मगरींचं क्षेत्र नाही. ब्राउन स्नेक मात्र आहे, आणि त्या देशात सर्पदंशाचे सर्वाधिक बळी त्याच्याच खात्यावर आहेत. बँडेज तिथेही लागेल. व्हिसा तात्पुरता असेल तर आरोग्य विम्यात रुग्णवाहिका धरली आहे का तेही बघा, मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य योजना, सगळ्यांना मिळत नाही.

शंकासूर:
म्हणजे जायला हरकत नाही म्हणताय?

दूरदेशी:
टाउन्सव्हिलला हरकत आहे. अजूनही.