झेब्राफिशच्या रंगपेशी: एवढी जनुकं खरंच वेगळी असतील का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सिंगल-सेल आरएनए सीक्वेन्सिंगचा (एकेका पेशीत कोणती जनुकं किती सक्रिय आहेत ते मोजण्याचा) अनुभव असलेलं कुणी असेल तर कृपया वाचा.

झेब्राफिशचे २४ तासांचे भ्रूण, तीन वेगवेगळ्या दिवशी, दर वेळी साधारण ४० एकत्र करून पेशी सुट्या केल्या. मला न्यूरल क्रेस्टमधून (भ्रूणातल्या एका पेशीसमूहातून) येणाऱ्या दोन रंगपेशींची तुलना करायची आहे: काळ्या मेलॅनोफोर आणि चकाकणाऱ्या इरिडोफोर. दोन्हींचा उगम एकच, तरी वाटा फुटतात. त्या कशामुळे, हेच दोन वर्षं शोधतेय. सक्रिय जनुकांवरून पेशींचे गट पाडले, तर एका गटात डीसीटी (मेलॅनोफोरची खूण असलेलं जनुक) आणि दुसऱ्यात पीएनपी४ए (इरिडोफोरची खूण) ठळक दिसतं, त्यामुळे गट बरोबर पडलेत असं वाटतं.

स्यूरा या सॉफ्टवेअरमधल्या विलकॉक्सन चाचणीने (दोन गटांची तुलना करणारी संख्याशास्त्रीय चाचणी) १,९०० जनुकं दोन गटांत वेगळी दाखवली. काहींचं पी-मूल्य (जितकं लहान, तितका फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी) १० चा उणे १५० वा घात! नुकत्याच वेगळ्या होऊ लागलेल्या पेशींत एवढा फरक पटत नाही. त्यात फॉस आणि जुन ही जनुकं अगदी वर आहेत. पेशी सुट्या करताना बसलेल्या ताणाची ही खूण असावी. शिवाय तिसऱ्या दिवशीचे भ्रूण तासाभराने मोठे होते आणि निम्म्याहून जास्त इरिडोफोर त्याच दिवशी मिळाले. मग हा फरक पेशीप्रकाराचा की वयाचा?

प्रतिसाद:
ताई, शंका रास्त आहे. त्या चाचणीत प्रत्येक पेशी स्वतंत्र नमुना धरली जाते. तुमचे खरे नमुने तीनच (तीन दिवस), म्हणून पी-मूल्यं इतकी खाली जातात. प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक पेशीप्रकाराची मूळ मोजणी (दुरुस्त केलेली नको) बेरीज करून सहा स्तंभ करा. याला स्यूडोबल्क म्हणतात. मग डीईसेक२ मध्ये (जनुकांच्या मोजणीतला फरक तपासणारं सॉफ्टवेअर) दिवस आणि पेशीप्रकार दोन्ही घाला. दोन्ही प्रकार रोज मिळालेत, त्यामुळे दिवसाचा आणि त्याबरोबर वयाचा सरसकट परिणाम वेगळा काढता येतो.

आणखी एक. ज्या जनुकांवरून गट पाडले, त्यांचीच चाचणी त्याच पेशींवर केली तर पी-मूल्य फसवं लहान येणारच. नव्या चाचणीनंतर उरलेल्या जनुकांतली पाच-सहा निवडून अख्ख्या भ्रूणावर इन सिटू (जनुक कुठे सक्रिय आहे ते रंगवून दाखवणारी पद्धत) करून बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! एका दिवशी इरिडोफोर फक्त ११ मिळालेत. तो स्तंभ ठेवू की गाळू?