नुसत्या टॉर्चने भागत नाही

एकाने विचारलंय, ओपन वॉटर कार्ड (स्कूबा डायव्हिंगचं प्राथमिक प्रमाणपत्र) आणि दणकट टॉर्च असेल तर मेक्सिकोतल्या सेनोटेमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या विवरांत, आत शिरायला काय हरकत? दिवसाचा उजेड दिसतो तिथपर्यंत, गाइडच्या मागे खुशाल जा. त्यापुढे मात्र गुहेचं वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय नको. तारकर्लीला उघड्या समुद्रात काही बिघडलं तर वर येता येतं. इथे डोक्यावर दगड असतो.

हवेचा हिशेब बघा. टाकीत २१० बार (हवेच्या दाबाचं एकक) घेऊन उतरलात तर ७० आत जायला, ७० परतीला, ७० राखीव. कोणाचंही दाब दाखवणारं गेज १४० वर आलं की सगळे मागे फिरतात, वाद नाही. राखीव अशासाठी की नेमकी टोकाला जोडीदाराची हवा गेली तर दोघांना एकाच्या साठ्यावर बाहेर यायचंय. आणि हे किमान झालं.

टॉर्च तीन लागतात, पण गाळ उसळला की तिन्ही कुचकामी. मग गुहेत बांधलेली वाटदर्शक दोरी अंगठा-तर्जनीच्या कड्यात धरून, तिच्यावरचे प्लास्टिकचे बाण चाचपत निघायचं. बाणाचं टोक बाहेरच्या वाटेकडे. मला हे आधी जमिनीवर, झाडांना बांधलेल्या दोरीवर डोळे झाकून करायला लावलं होतं. शेजारची पोरं पोट धरून हसत होती!

साइडमाउंटचं, म्हणजे टाक्या पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावण्याचं, म्हणाल तर व्हॉल्व्ह हाताशी राहतात, अरुंद जागी सोयीचं पडतं. पण आधी बेडकासारखी किक घोटवा. पाय वरखाली मारलेत तर गाळ तुम्हीच उडवणार.