उत्तर: उत्तर: आई-बाबांचा व्हिसा परत नाकारला – ऊसबिलाचं काय करायचं?

प्रेषक: शुभा (स्लाउ)

नमस्कार मंडळी,

आई-बाबांचा इकडे इंग्लंडला यायचा व्हिसा दुसऱ्यांदा नाकारला. पहिल्या वेळची रड दिवाळीच्या जेवणात सगळ्यांनी ऐकलीच आहे, परत लावत नाही. या वेळचं कारण वाचा: बाबांच्या खात्यावर जानेवारीत एकदम ४ लाख १२ हजार जमा, त्याआधी नुसते दोन-दोन, तीन-तीन हजार, आणि मोठी रक्कम कुठून आली त्याचा खुलासा नाही. म्हणून व्हिजिटर व्हिसाच्या नियमांतल्या व्ही ४.२ ची (ए), (सी), (ई) तिन्ही कलमं लावली. परत जातील असं वाटत नाही, खरोखर भेटीलाच येतायत असं वाटत नाही, पैसेही पुरेसे वाटत नाहीत. आईचा अर्ज बाबांच्या पैशावर, त्यामुळे तिचाही गेला.

अहो, ते ऊसबिल आहे! आमच्या कागल तालुक्यात शेंबडं पोरगं सांगेल. सातबारा लावला होता, ८-अ चा खातेउतारा लावला होता, दोन्हींचं भाषांतर लावलं होतं. माझी बाळंतपणाची तारीख जूनअखेरची. अपील करता येतं का? की लगेच नवा अर्ज टाकू? आणि बंडूदादांच्या निमंत्रणाच्या नमुना पत्राची फाइल उघडत नाहीये, ती कुणाकडे आहे?

शुभा

प्रेषक: बंडूदादा

फाइल उघडत नाही कारण परवानगी मागावी लागते. मागितली की मी देतो. मागे सगळ्यांना मोकळी ठेवली होती, तर एका सभासदाने माझा पत्ता आणि माझाच पासपोर्ट नंबर तसाच ठेवून पत्र सासऱ्यांना पाठवलं. नाव घेत नाही, पण त्यांना कळलं असेल. २०१९ पासून मी ते पत्र सांभाळतोय. त्या पत्रावर आजवर एकही व्हिसा नाकारलेला नाही.

प्रेषक: शुभा

बंडूदादा, माझ्या दोन्ही अर्जांना तेच पत्र होतं.

प्रेषक: आप्पा (रेडिंग)

शुभा, अपील विसर. नातेवाइकांना भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा हक्क २५ जून २०१३ ला गेला. फेरतपासणी म्हणतात तीही व्हिजिटरला नाही. उरतो तो कोर्टाचा रस्ता: तीन महिन्यांच्या आत, आधी नोटीस, मग वकील, मग त्याचं बिल. त्यापेक्षा नवा अर्ज. तो उद्याही टाकता येतो, पण कागद तेच तर उत्तरही तेच. फी परत मिळत नाहीच, एप्रिल २०२५ मध्ये ती माणशी १२७ पौंड झाली होती, म्हणजे दोघांचे २५४ गेले.

२०११ ला आमच्या सासूबाईंचा व्हिसा नाकारला तेव्हा अपील केलं होतं. सुनावणीला मी एकटा. जज्जसाहेबांनी विचारलं, या बाई परत का जातील? मी घर, देव, नातवंडं सगळं सांगून बघितलं, ते नुसतं लिहून घेत होते. शेवटी म्हटलं, साहेब, दोन म्हशी आहेत आणि त्या दुसऱ्या कुणाच्या हाताला सहजी दूध देत नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मग त्या इकडे आल्यावर कोण काढणार? मी म्हटलं, त्यांची जाऊ, आणि दोघींचं पटत नाही. अपील मंजूर! आता तो जज्जही नाही आणि म्हशीचं ऐकायला कुणी बसलेलंही नाही. जे काय सांगायचं ते कागदावरच.

प्रेषक: रोहित (हॅरो)

मला कळत नाही एवढा घोळ कशाला. काकांच्या खात्यावर तूच आठ-दहा लाख टाकून ठेव ना. आमच्या ओळखीत कोल्हापुरात राजारामपुरीतला एक जण जुन्या तारखेचे आयकराचे रिटर्नसुद्धा तयार करून देतो.

प्रेषक: आप्पा (रेडिंग)

रोहित, लेका, हे लिहून कशाला ठेवतोस? ती मोठी रक्कम आली कुठून म्हणून तर नाकारलंय, त्यात आणखी एक मोठी रक्कम टाकायची? आणि खोटा कागद सापडला तर फसवणूक धरतात, दहा वर्षं दार बंद. पुढच्या प्रत्येक अर्जात जुना नकार लिहावा लागतो तो वेगळाच. तोही लपवायचा नाही.

शुभा, बाबांचं रिटर्न नाही यात लाज कसली? शेतीचं उत्पन्न १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१) खाली करमुक्तच होतं. नुसत्या शेतीवर जगणाऱ्याकडे रिटर्न नसणारच. हे दोन ओळींत अर्जासोबतच्या पत्रात लिहायचं. इथल्या व्हिसा तपासणाऱ्या साहेबाला ते आपोआप कसं कळणार?

प्रेषक: सविता वहिनी (मिल्टन कीन्स)

शुभा, तू निमंत्रणात नेमकं काय लिहिलंस? 'बाळाला सांभाळायला सहा महिने' असं तर नाही ना? आमच्या नणंदेने तसंच लिहिलं होतं. नातवंडाला थोडे दिवस बघायला आजी आली तर चालतं, पण ती मोलकरणीसारखी कामावर ठेवलीय असं वाटायला नको. तारखा घाल. आठ आठवडे म्हण, परतीचा महिना लिही, आणि परत का जायचंय ते लिही. सहा महिने मिळतात म्हणून सहाच्या सहा मागायचे नसतात गं. मी तर म्हणते डिंकाचे लाडू करून पाठवायला सांग, ते तरी विनाव्हिसा येतात.

प्रेषक: शुभा

वहिनी, तेच लिहिलं होतं. बंडूदादांच्या नमुन्यात तेच वाक्य आहे.

आप्पा, आमच्या दोघांच्या पगारावर येतील असं दाखवलं तर? आमच्या पगाराच्या पावत्या लावल्या होत्या.

प्रेषक: बंडूदादा

ते वाक्य कंसात होतं. कंसातलं काढायचं असतं.

प्रेषक: आप्पा (रेडिंग)

लेकीने खर्च केला तर चालतो, ४.३ मध्ये तसं आहेच: नातं खरं हवं, तुम्ही इथे कायदेशीर हवेत, आणि खर्च झेपतो हे दिसायला हवं. पण त्याने फक्त (ई) सुटतं. तू लाख पौंड दाखवलेस तरी (ए) तसंच राहतं. परत जायचं कारण बाबांकडेच आहे, आणि ते चार एकरांत उभं आहे. ते दाखव.

प्रेषक: माने काका (स्विंडन)

मंडळी, मी सहसा लिहीत नाही. पण वडील पीककर्ज देणाऱ्या गावच्या सेवा सोसायटीत गटसचिव होते, म्हणून हे माझं क्षेत्र.

सातबारा जमीन दाखवतो, पैसा दाखवत नाही. शुभाच्या कागदांत मधला दुवाच नाही. साखळी अशी असते. ऊस तुटला, कारखान्यावर वजन झालं, काटापट्टी म्हणजे वजनाची पावती मिळाली. मग पहिल्या उचलीचं, म्हणजे पहिल्या हप्त्याचं बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ते १४ दिवसांत द्यायचं असतं (असतं म्हणतोय, मिळतं म्हणत नाही). ते थेट हातात येत नाही, बँकेत येतं आणि तिथे आधी सोसायटीचं पीककर्ज वळतं होतं. उरलं ते बचत खात्यावर.

शुभा, मी काल तुझ्या बाबांना फोन केला, विचारून घेतलं. १८० टन, दर ३,१००, म्हणजे ५ लाख ५८ हजार. त्यातून १ लाख ४६ हजार सोसायटीचे कापले. राहिले ४ लाख १२ हजार. आता नुसतं कारखान्याचं बिल लावलंस तर साहेब म्हणणार, बिल साडेपाच लाखांचं आणि जमा चार, बाकीचे कुठे गेले? म्हणून तीन कागद एकत्र: कारखान्याचं बिल, सोसायटीचा वसुलीचा दाखला, बँकेचा उतारा. उताऱ्यावर त्या ओळीला पेन्सिलीने खूण. मागच्या दोन हंगामांचीही बिलं जोड, म्हणजे दरवर्षी याच सुमाराला पैसे येतात हे दिसेल.

आणि ते 'नुसते दोन-तीन हजार' म्हणजे दुधाचं बिल. दर दहा दिवसांनी येतंय. डेअरीकडून तेही लिहून घे. म्हैस नसती तर इतकं नेमाने आलं नसतं. आप्पांना ते पटेल.

प्रेषक: बंडूदादा

माने काकांनी लिहिलेलं नमुना पत्रात घ्यायला माझी हरकत नाही, पण बदल मी करीन. दुसरं, गुढीपाडव्याच्या हॉलचे पैसे अजून अकरा घरांनी भरलेले नाहीत.

प्रेषक: रोहित (हॅरो)

मी भरलेत. यादी बघा.

प्रेषक: सविता वहिनी (मिल्टन कीन्स)

हॉलचं वेगळ्या विषयाखाली लिहा हो, बंडूभावजी. पोरीचं महत्त्वाचं चाललंय.

प्रेषक: शुभा

काका, काय बोलू. बाबा आज कारखान्याच्या शेती विभागात जाऊन आले. तिथला क्लार्क म्हणाला, मागच्या दोन वर्षांची बिलं शनिवारी काढून देतो. सोसायटीचा दाखला लगेच मिळाला. बाबा मात्र वैतागलेत. फोनवर म्हणाले, "मी काय तिकडं ऱ्हायाला येतोय व्हय? खोडव्याला पाणी कोण पाजणार हितं?" आई मागून म्हणत होती, हेच लिहून दे साहेबाला.

एक नवी भानगड निघाली. सातबाऱ्यावर बाबांचं नाव 'बापू' आहे, पासपोर्टवर खरं नाव. शिवाय दोन्ही चुलते सामाईक. साहेबाला एका शेतात तीन मालक आणि त्यातला एकही माझा बाप नाही, असं दिसलं असणार.

प्रेषक: माने काका (स्विंडन)

दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र कर. आणि ऊसबिल बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे ना? मग हिश्शाचा प्रश्न तिथेच मिटतो. ते बिल सगळ्यांत वर ठेव.

प्रेषक: आप्पा (रेडिंग)

भाषांतराखाली भाषांतर अचूक असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क. गेल्या वेळी होतं का?

प्रेषक: शुभा

नाव होतं, सही नव्हती. आत्ता ते भाषांतर परत काढून वाचलं. 'खोडवा' या शब्दाला त्या माणसाने 'झाडाचा बुंधा' असं इंग्रजीत लिहिलंय. म्हणजे आमच्या चार एकरांतल्या दीड एकरावर नुसते बुंधे आहेत! खोडव्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणी सांगा, बाकी सगळं मी स्वतः तपासते.

प्रेषक: माने काका (स्विंडन)

रटून. पुढे 'एकदा तोडलेल्या उसाला फुटून आलेलं पुढचं पीक' असं समजावून टाक, नाहीतर तेही कुणाला कळायचं नाही.

प्रेषक: बंडूदादा

हे नमुन्यात घेतलं. परवानगी मागा.